मातृभाषेचा रकाना

मिरज
३ फेब्रुवारी २०२५

अण्णा,

नमस्कार लिहीत नाही, तू घेणार नाहीस. माझा नंबर तू ब्लॉक केलायस, वैनी फोन उचलत नाही, म्हणून हे स्पीड पोस्ट. फाडायच्या आधी एवढं एक वाच. काम माझं नाही, शिवांजलीचं आहे. तुझ्या भाचीला सहावं लागलंय, जूनमध्ये पहिलीला घालायची.

माझ्या हॉस्पिटलच्या मागच्या भिंतीला लागून एक शाळा आहे. कानडी बोलणाऱ्या लोकांच्या ट्रस्टची, शिकवणं इंग्रजीत. शाळा सुटल्यावरही संध्याकाळी सातपर्यंत पोरं तिथंच सांभाळतात. मला तेवढंच पाहिजे. मल्हार शिरवळला कंपनीत, शनिवारी रात्री येतो आणि रविवारी परत जातो. रात्रपाळी मी मेट्रनच्या पाया पडून सोडवून घेतलीय, पण सकाळ-दुपारची ड्यूटी कोणाला चुकलीय? इतके दिवस शेजारच्या काकींनी पोरीला बघितलं, त्या आता लेकाकडे पुण्याला निघाल्या. ही शाळा मिळाली नाही तर शिवांजलीला कडेगावला सासूबाईंकडे ठेवायची असं ठरलंय. ठरलंय म्हणजे सासूबाईंनी ठरवलंय. मला पोरीला सोडून राहवणार नाही, अण्णा. हे मी तुला सांगतेय, यावरून काय ते समज.

आधी आम्ही सरकारच्या पंचवीस टक्क्यांतला अर्ज भरायला बसलो. मल्हारनं एनटीचा दाखला चढवला, उत्पन्नाचा चढवला, आणि बघतो तर यादीत ही शाळाच नाही. शाळेच्या ऑफिसात संयोगिता मॅडम म्हणून आहेत, त्यांनी सांगितलं, अल्पसंख्याक ट्रस्टच्या शाळेला तो पंचवीस टक्क्यांचा नियम लागू नाही. जो दाखला सगळीकडे चालतो त्याला इथं कोणी विचारत नाही. यांच्या निम्म्या जागा ज्यांची मातृभाषा कन्नड आहे त्यांच्या मुलांना, बाकीच्यांना चिठ्ठ्या. चिठ्ठ्यांना मागच्या साली चारशे अर्ज होते. आणि आमची भाषा कानडी असं तोंडानं सांगून भागत नाही. आईच्या नाहीतर बापाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मातृभाषेच्या रकान्यात ते लिहिलेलं पाहिजे.

माझ्या दाखल्यावर मराठी आहे. गुरुजींनी लिहिलं असेल काहीतरी, तेव्हा कोण बघत होतं. पण पहिलीत नाव घातलं तेव्हाच्या रजिस्टरला कन्नड असणार, तुझ्यासारखंच. गावच्या शाळेत जाऊन माझ्या नोंदीचा उतारा काढ आणि पाठव. मी स्वतः आले असते, पण तूच बजावलंयस की ह्या उंबऱ्यात पाऊल टाकायचं नाही.

पत्ता घातलेलं पाकीट आत ठेवलंय. तिकीटही लावलंय.

पल्लवी


मिरज
१५ फेब्रुवारी

अण्णा,

बारा दिवस झाले. पत्र पोचलं, मी पोस्टाच्या साइटवर बघितलं, सही वैनीची आहे. म्हणजे ते घरात पडलंय आणि तू त्याच्याकडे बघत बसलायस. तुझा हा हेका मला नवा नाही. बापू मेंढरं घेऊन कोकणात उतरले की तू असाच आठ-आठ दिवस तोंड शिवून बसायचास. बस बाबा. पण फॉर्मची तारीख अठ्ठावीस आहे, ती तुझा राग जायची वाट बघत नाही.

तिकडं कडेगावला सासूबाईंनी नातीसाठी दप्तर आणून खुंटीला अडकवून ठेवलंय. रोज फोन करून पोरीला सांगतात, "तुज्यासाठी शेरडू आणलंय, कवा येतीस?" पोरगी इथं शेरडाचं नाव ठेवायला बसलीय. वाईट नाहीत रे त्या, मला वाईट म्हणताही येत नाही, तीच तर पंचाईत आहे.

आमच्या वॉर्डात निम्मे पेशंट अथणी, विजापूरकडचे. नऊ वर्षं झाली, मी त्यांच्याशी मराठीतच बोलते. सिस्टर, कानडी येतं का, असं कोणी विचारलं की मान हलवून मोकळी. ते माझ्यासमोर मला नावं ठेवतात, ही सुई टोचते का दाभण म्हणतात, मी ऐकलंच नाही असं दाखवते. परवा एका म्हातारीला गोळ्या देताना तोंडातून गेलं, "ऊट आतेन?" जेवलीस का, एवढंच विचारलं. ती बघतच राहिली. तिची सून मात्र पांढरीफटक पडली, तीन दिवस ती माझ्या पाठीमागं आणि पुढंही काय काय बोलली होती ते तिचं तिला ठाऊक. आयाबाई हसत विचारायला लागल्या, सिस्टर, हे कवा शिकला? मी म्हटलं, यूट्यूबवर.

असं का म्हटलं, मलाच कळलं नाही.

सराव करायला पाहिजे, कारण ट्रस्टचे लोक आईबापाला बोलावून कानडीत बोलून बघतात. मल्हारला एक अक्षर येत नाही. त्याला सांगून ठेवलंय, तू माझ्या शेजारी नुसता बस, तोंड उघडू नको.

हे वाक्य लिहिलं आणि जरा थांबले. असू दे. उतारा पाठव. ड्यूटीची वेळ झाली.

पल्लवी


मिरज
२६ फेब्रुवारी

अण्णा,

उतारा पोचला. सोबत दोन ओळींची चिठ्ठीही नाही. हेडमास्तरांच्या सहीशिक्क्याचा उतारा, आणि त्याला टाचलेली त्या जुन्या अर्जाची झेरॉक्स. अर्जाची झेरॉक्स मी मागितली नव्हती. ती तू मुद्दाम शोधून काढायला लावलीस.

बरं केलंस. मी खोटं लिहिलं होतं. गुरुजींनी काही केलं नव्हतं.

पहिलीच्या नोंदीत काळ्या शाईनं कन्नड आहे. त्यावर लाल शाईची रेघ, वर मराठी, बाजूला 'पालकाच्या अर्जावरून दुरुस्ती'. अर्जाचं अक्षर माझं आहे. खाली अंगठा अव्वाचा. 'माझ्या मुलीची मातृभाषा मराठी असून पूर्वी चुकून कन्नड लिहिली गेली आहे.' नववीतलं माझं अक्षर किती वळणदार होतं, बघ.

खो-खोला सांगलीला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. मुक्कामाला दुसऱ्या शाळांच्या मुली होत्या. झोपेत मी कानडीत बडबडले म्हणे. दुसऱ्या दिवशी मैदानावर मला कोणी नावानं हाक मारली नाही, ए कानडी, हिकडं ये, ए कानडी, पळ. मी परत आले ती ठरवूनच. बापू मेंढरांमागं होते, तू ऊसतोडीला गेला होतास. अव्वाला म्हटलं, शाळेत येऊन अंगठा दे. ती म्हणाली, बापू येऊ देत. मी दोन दिवस भाकरीला शिवले नाही. तिसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर आली. अंगठा उठवल्यावर तिनं विचारलं, ह्यानं काय होईल? मी म्हटलं, काही होत नाही, नुसता कागद आहे.

आता सुरू केलंय तर पुढचंही लिहिते. तुला ते माहीत आहे, पण माझ्या तोंडून तू ऐकलेलं नाहीस.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी अव्वाला मीच सांगितलं, कडेगावची माणसं असेपर्यंत तू बोलू नकोस. तिला मराठी सगळं कळायचं, नुसतं बोलताना अडखळायची आणि मधेच कानडीत शिरायची. लोक हसतील याची मला भीती. तिनं ऐकलं. लग्नातही बोलली नाही. सासूबाईंनी विचारलं, तुझी आई बोलत न्हाई व्हय? मी म्हटलं, तिला जमत नाही. मुकी हा शब्द माझा नाही, त्यांचा आहे. पण मी तो खोडलाही नाही. शिवांजलीच्या वेळी सिझर झालं, मी आठ दिवस दवाखान्यात, आणि त्या दोघी माझ्या खोलीवर. तिथंही ती तशीच राहिली. मी पोरीला घेऊन खोलीवर आल्यावर, सासूबाई बाजारात गेल्या असताना, अव्वा पोरीला न्हाऊ घालताना कानडीत बोलत होती, ते मल्हारनं ऐकलं. तो हसला आणि म्हणाला, आता आईला सांगत बसू नको, उगाच राईचा पर्वत होईल. मला तेवढंच पाहिजे होतं.

आणि मग अव्वा गेली. तिसऱ्या दिवशी सासूबाई बायकांत बसून हळहळल्या, "जल्माची मुकी बिचारी, एक सबुद न बोलता गेली." तू दारात उभा होतास. सगळ्यांसमोर मला विचारलंस, "हिला मुकी कुणी केली?" मी उत्तर दिलं नाही, घाईनं सासूबाईंना गाडीत बसवलं. त्यांना वाटलं तू दुःखानं बरळतोयस. चार वर्षं झाली.

मी केली, अण्णा. हे उत्तर.

पल्लवी


मिरज
८ मार्च

अण्णा,

तू त्या पत्राला उत्तर दिलं नाहीस, मी मागितलंही नव्हतं. पण आता एक मागते, आणि मागताना लाज वाटतेय.

फॉर्म मुदतीत भरला. संयोगिता मॅडमनी उतारा बघितला आणि कपाळाला हात लावला. शेवटची नोंद धरतात, म्हणजे मराठी. मग त्यांनीच वाट सांगितली. दुरुस्ती चुकीनं झाली होती असं प्रतिज्ञापत्र दिलं, आणि आईकडच्या सख्ख्या नातेवाइकानं साक्षीदार म्हणून सही केली, तर कमिटी विचार करते. दोन मुलांचं मागच्या साली असं झालंय म्हणे.

नाथाजी वकिलांनी कागद टाईप करून दिला. सोबत पाठवलाय. त्यातली ओळ तुला आधीच सांगते, उघडल्यावर एकदम दिसायला नको. 'माझी आई कै. शालूबाई ही अशिक्षित असल्याने तिने अज्ञानापोटी व गैरसमजुतीने सदर दुरुस्ती करून घेतली.'

मी वकिलांना म्हटलं, असं नव्हतं. ते म्हणाले, सिस्टर, तुम्ही अज्ञान होता म्हणजे वयानं, अर्ज पालकाचा आहे, अंगठा पालकाचा आहे, चूक पालकाचीच म्हणायची. कायद्यात बसणारं एवढंच आहे. मेलेल्या माणसाला काय त्रास होतोय?

चार दिवस हा कागद पर्समध्ये घेऊन फिरतेय. रोज स्वतःला समजावते. अव्वा असती तर तिनं याच्यावरही अंगठा दिला असता, नातीसाठी म्हटल्यावर. दिला असता की नाही, तू सांग. शिवांजली काल मला विचारत होती, मी आज्जीकडं गेल्यावर तू रोज रात्री कुणाजवळ झोपणार? मी तिला सांगितलं, तू जाणार नाहीस. आता मी शब्द देऊन बसलेय.

कमिटी बावीस तारखेला आहे. सही करायची नसेल तर कागद कोराच परत पाठव, मी काही म्हणणार नाही. म्हणेन, पण तुला ऐकू येणार नाही.

पल्लवी


मिरज
२३ मार्च

अण्णा,

कागद वीस तारखेला मिळाला. तुझी सही, खाली नानासो असं पुरं नाव, तारीख. आणि मागच्या बाजूला पेन्सिलीनं, 'पोरीसाठी केली. वाचला न्हाई.'

मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडले. तू चार वर्षं अव्वाच्या बाजूनं उभा राहिलास, आणि माझ्यासाठी तिच्याविरुद्धच्या कागदावर डोळे मिटून सही केलीस. शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं.

काल आम्ही दोघं कमिटीपुढं गेलो. तीन माणसं आणि एक बाई. अध्यक्ष म्हातारे आहेत, पांढरं धोतर, हळू बोलतात. त्यांनी कानडीत सुरुवात केली, गाव कुठलं, बापू काय करायचे, घरात सणाला काय करता. मी महिनाभर शब्द घोकले होते, त्यातला एकही लागला नाही. आपसूक येत गेलं, आणि माझं मलाच ऐकताना अंगावर काटा आला, कारण सगळं बोलणं अव्वाचं होतं, तेच हेल, तेच मधेच थांबणं. कमिटीतल्या बाई हसून म्हणाल्या, ही तर आमच्यापेक्षा चांगली बोलते. मल्हारनं टेबलाखालून माझा हात दाबला. त्याला वाटलं, झालं काम.

मग अध्यक्षांनी उतारा पुढं ओढला. लाल रेघेवर बोट ठेवलं आणि विचारलं, ही दुरुस्ती कोणी मागितली?

प्रतिज्ञापत्र माझ्या मांडीवर होतं. नुसतं पुढं सरकवायचं होतं. मी मराठीत बोलत असते तर सरकवलं असतं बहुतेक. पण प्रश्न कानडीत होता, आणि कानडीत मी अव्वाबद्दल ते कसं बोलणार होते? मी म्हटलं, मी मागितली. अर्ज मी लिहिला. आईला दोन दिवस उपाशी राहून धाक घातला. मला तिच्या भाषेची लाज वाटत होती.

अध्यक्ष मराठीत म्हणाले, बहुतेक मल्हारला कळावं म्हणून, "तुझी भाषा कानडी आहे याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण प्रवेश कागदावर होतो, आणि कागद तू स्वतः बदललास. बाहेर ज्यांचे कागद सरळ आहेत अशी तीन घरं बसलीत. त्यांना मी काय सांगू?"

मला त्यांचा राग आला नाही. ते खरं होतं.

मल्हारला मात्र जिन्यात सगळं सांगावं लागलं. तो म्हणाला, "एक कागुद फुडं सरकवायचं काम हुतं, पल्लवी. पोरीपरास तुला तुजं मन मोठ्ठं झालं?" शिरवळची गाडी येईपर्यंत तो स्टँडवर माझ्याशी बोलला नाही. त्याचंही चुकीचं नाही. काल रात्री पोरीकडे बघताना मलाही तसंच वाटलं, की मी चांगली बाई व्हायला निघाले आणि किंमत तिनं मोजायची.

तू सही केलेला कागद परत पाठवतेय. तुझ्या हातानं जाळ. माझ्याच्यानं होत नाही.

पल्लवी


कडेगाव
१५ जून

अण्णा,

चिठ्ठ्यांतही नंबर लागला नाही. उद्यापासून शिवांजलीची इथली शाळा सुरू. तिला घेऊन काल आले, उद्या तिला वर्गात बसवून दुपारच्या गाडीनं मिरजेला जाणार. ती शेरडाच्या मागं मागं फिरतेय, मला विसरल्यासारखी. रात्री उशिरा मात्र माझ्या पदराची गाठ तिच्या फ्रॉकला मारून झोपली होती.

हे पत्र काही मागायला नाही. एक झालंय ते तुला सांगायचंय.

आज दुपारी सासूबाई सुपात शेंगा फोडत बसल्या होत्या. शिवांजलीची अखंड टकळी चालू होती. त्या कौतुकानं म्हणाल्या, "एक आज्जी मुकी, आन् नात बगा कशी, तोंडाला दम न्हाई." पोरीनं विचारलं, मुकी म्हणजे? आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "आत्या, माझी आई मुकी नव्हती."

मग सगळं सांगितलं. साखरपुड्यापासून. अव्वाची भाषा कानडी होती, मी तिला गप्प बसवलं, तुम्ही मुकी म्हणालात आणि मी होय म्हणत राहिले, शाळेचं काम कशानं मोडलं तेही. सांगताना वाटत होतं, आता शिव्या बसतील, इतकी वर्षं खोटं बोललीस म्हणून घर डोक्यावर घेतील, घेऊ देत. पोरीला इथं ठेवायची आणि ज्या घरात तिच्या आज्जीला मुकी म्हणतात तिथंच ती मोठी व्हायची, हे मला सोसलं नसतं.

त्या ओरडल्या नाहीत. त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी एकदम बारीक आवाजात विचारलं,

"मंग त्या आठ दिसांत... मी तिच्या म्होरं कायबाय बोलायची... ते तिला ऐकू जायचं?"

"होय."

"कळायचं?"

"सगळं कळायचं, आत्या."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि तोंडाला पदर लावला. पोरगी घाबरून त्यांच्या मांडीवर चढली, तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

त्या आठ दिवसांत त्या अव्वासमोर काय काय बोलल्या होत्या ते मला माहीत नाही, अण्णा. अव्वानं मला कधीच सांगितलं नाही.

तुझी,
पल्लवी